मुलांची सोय : आई

जहाज निवडायला आलेली माणसं पहिला प्रश्न जेवणाचा विचारतात आणि दुसरा पोहण्याच्या तलावाचा. तिसरा प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, तुम्ही स्वतः यातल्या कुठल्या जहाजानं गेलात?" बारा वर्षं मी या प्रश्नाला गोड हसून "दोन्ही उत्तमच आहेत" म्हणते आणि पान उलटते. खरं सांगायचं तर मी एकाही जहाजावर पाय ठेवलेला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सहलींच्या आमच्या ऑफिसात मला जहाजवाली म्हणतात.

पण नकाशे मला पाठ आहेत. गिऱ्हाईक केबिनचा फोटो बघतं, मी केबिनच्या डोक्यावर काय आहे ते बघते. एका गृहस्थांनी माझं न ऐकता स्वस्तातली केबिन घेतली. तिच्या बरोबर वर पळायचा ट्रॅक होता. "सात दिवस लोक माझ्या टाळक्यावरून धावत होते," असं परत आल्यावर मलाच ओरडून सांगून गेले. तेव्हापासून माझा नियम आहे. वर केबिन, खाली केबिन, मधे माणूस. कुणी ऐकलं नाही की माझं डोकं फिरतं.

तर आईला पंचाहत्तरावं वर्ष लागलं, आणि मी ठरवलं की तिला जहाजानं न्यायचं. आई एका मोठ्या हॉस्पिटलात तीस वर्षं कपड्यांच्या भांडारात होती. चादरी, अभ्रे, टॉवेल मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे. आता निवृत्त होऊन ती दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या घरी असते. तिथं ती नातवंडांच्या खोलीत घडीच्या कॉटवर झोपते. दिवसा ती कॉट कपाटामागे जाते, आणि मुलं खोलीत खेळत असली की आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलेली असते.

मी एक माहितीपत्रक तिच्याकडे घेऊन गेले. तिनं चष्मा पदरानं पुसला, सगळी पानं शांतपणे बघितली आणि एकच प्रश्न विचारला.

"या खोल्यांना आतून कडी असते का गं?"

मला हसूच आलं. "अगं, घाबरतेस कशाला? भर समुद्रात चोर कुठून येणार? आणि मी असणार आहे ना तुझ्याबरोबर!"

आईनं पत्रक मिटून माझ्या हातात दिलं.

आम्ही दोघीच जाणार होतो. पण दादाला कळलं आणि तो म्हणाला, "आम्हीही येतो की, मुलांना सुट्टीच आहे. खर्च निम्मा-निम्मा करू." इकडे साहेबांनी माझी रजा नामंजूर केली, कारण सुट्ट्यांचा मोसम म्हणजे आमच्या ऑफिसची सुगी. म्हणजे कल्पना माझी, निम्मे पैसे माझे, आणि जाणार दादा, वहिनी, मुलं आणि आई. मी मनात म्हटलं, जाऊ दे, आईला समुद्र दिसल्याशी कारण. किती शहाणी मी!

दोन जहाजं निवडून मी तक्ता केला. एक नवं, अठरा मजल्यांचं, घसरगुंड्या आणि रोषणाईवालं. दुसरं जुनं आणि लहान, रुंद डेकचं, जिथं खुर्ची टाकून माणसाला नुसतं पाण्याकडे बघत बसता येतं. मला जुनं हवं होतं, आईसाठी. दादा नव्यासाठी हट्ट धरेल अशी माझी खात्री होती, तर त्यानं एका फोनवर मान्य केलं. "जुनंच घेऊ. तू म्हणतेस ते बरोबर आहे." माझा भाऊ मला बरोबर म्हणाला, तिथंच खरं तर मला वास यायला हवा होता.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली. मुख्य प्रवासी म्हणून सत्तरीपुढचं माणूस असलं तर त्या कंपनीत सगळ्या केबिनना सवलत मिळते. हे त्यानं कुठूनतरी वाचून काढलं होतं. दादा विमा कंपनीत आहे. अशा ओळी त्याला दिव्याशिवाय दिसतात. "मुख्य प्रवासी आईलाच कर," तो म्हणाला. मी आईच्या नावावर दोन केबिन धरून ठेवल्या. कुठल्या प्रकारच्या आणि कुणाची नावं कुठं, ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

मंगळवारी दुपारी त्याच्याकडून तक्ता परत आला. खाली त्यानं एक ओळ वाढवली होती. "संध्याकाळी सातनंतर मुलांची सोय." नव्या जहाजापुढे लिहिलं होतं, "आहे, तासावर पैसे." जुन्या जहाजापुढे एकच शब्द होता. "आई."

मी तो शब्द दोनदा वाचला. त्याच्याखाली त्यानं केबिनही ठरवून टाकल्या होत्या. दादा आणि वहिनीला बाल्कनीवाली. आई आणि दोन्ही मुलांना आतली, चार पलंगांची, ज्यातले दोन रात्री छतातून खाली येतात. त्या केबिनला खिडकी नाही. नकाशावर बघितलं तर खाली भटारखाना होता. म्हणजे आईनं सात दिवस समुद्रावर राहून भांड्यांचा आवाज ऐकायचा आणि मुलांना थोपटायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर बसलेल्या नवपरिणीत जोडप्याला मी "उद्या या" म्हणून वाटेला लावलं आणि संध्याकाळी सरळ दादाचं घर गाठलं.

दार त्यानंच उघडलं. "आलीस? बघितलास तक्ता? एक ओळ वाढवलीय."

"तीच वाचून आले. मुलांची सोय, आणि पुढे आई? आई काय पाळणाघर आहे?"

"अगं, तक्ता आहे तो. तक्त्यात थोडक्यात लिहावं लागतं."

"मग सविस्तर सांग ना. वाढदिवस तिचा, आणि ड्यूटी पण तिचीच?"

वहिनी टेबलावरच्या वह्या गोळा करत होत्या. "ताई, आवाज जरा कमी. आईंनाच मुलांशिवाय करमत नाही. विचारा हवं तर."

"त्या केबिनला खिडकी नाही, वहिनी."

"झोपायला खिडकी कशाला लागते?" दादा म्हणाला. "डोळे मिटले की सगळं सारखंच."

"मग तुम्ही दोघं झोपा ना तिथं!"

वहिनींनी वह्या खाली आपटल्या. "आठ वर्षांत आम्हाला दोघांना एक संध्याकाळ मिळालेली नाही, माहितीय? एक! तुम्हाला बोलायला काय जातं? तुमची मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत आई तुमच्याकडेच होत्या. तेव्हा त्या काय होत्या, पाहुण्या?"

हा घाव वर्मी बसला, कारण तो खरा होता. खऱ्या गोष्टीवर उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो. मीही चढवला. मी काय काय बोलले ते मला धड आठवत नाही. दादाला आप्पलपोटा म्हणाले एवढं आठवतं. मुलं दाराआडून बघत होती.

आणि या सगळ्यात आई कुठं होती? तिथंच, कोपऱ्यात, मुलांच्या शाळेच्या शर्टांच्या घड्या घालत. हॉस्पिटलातली सवय, काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा.

"असू दे गं," ती म्हणाली. "भांडू नका. मला कुठंही चालेल."

दादावर आला नव्हता इतका राग मला त्या वाक्याचा आला. "तुला कुठंही चालतं ना, म्हणूनच तुला कुठंही टाकतात!" असं तिच्यावरच ओरडून मी चपला हातात घेऊन जिना उतरले. खालच्या मजल्यावर येऊन त्या पायात घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "सात दिवस रजा हवी. नाही मिळाली तर राजीनामा घ्या." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. बारा वर्षांत मी असं बोलले नव्हते. त्यांनी रजेच्या अर्जावर सही केली आणि वर म्हणाले, "राग आला की तुम्ही विक्री चांगली करता, तो मोसमभर टिकवा." मी तेही ऐकून घेतलं.

मग बुकिंग उघडलं, आणि घोडं अडलं. नाव बदलायचं असो की केबिन, मुख्य प्रवाशानं ऑफिसात येऊन सही करायला हवी. मी नाही बदलू शकत, दादाही नाही. मला आधी चीड आली आणि मग एकदम हसू आलं. चार पैसे वाचवायला दादानं कारभाराच्या किल्ल्या आपल्याच हातानं आईच्या कमरेला लावल्या होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी आईला फोन केला. "उद्या दुपारी ओळखपत्र घेऊन ऑफिसात ये. घरी काही बोलू नकोस."

"कशाला?"

"सही करायला. ये तर खरी."

गुरुवारी ती बसनं आली. धुतलेली सुती साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. माझ्या टेबलापाशी ती आयुष्यात पहिल्यांदा येत होती. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर अगदी कडेला बसली, जणू मागून कुणी तरी येऊन ऊठ म्हणेल. मी तिच्यापुढे नकाशा पसरला.

"हे बघ. सातवा मजला, बाल्कनी. वर केबिन, खाली केबिन. आवाज नाही, काही नाही. पडदा बाजूला केला की पाणी. ही तुझी. सगळं मी तयार ठेवलंय, तू फक्त इथं सही करायची."

"आणि ती चार पलंगांची खोली?"

"ती रद्द करू. दादा-वहिनींना दुसरी बाल्कनीवाली आहेच, मुलांना त्यातच जादा पलंग..."

"नको," आई म्हणाली. "चार पलंगांचीच त्यांना दे. चौघांना चार पलंग. डोळे मिटले की सगळं सारखंच, असं म्हणाला ना तो?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती थट्टा करत नव्हती. परवा त्या कोपऱ्यात घड्या घालताना तिनं एकेक शब्दही घडी घालून ठेवला होता. माझा आनंद पोटात मावेना. शेजारच्या टेबलावरचा व्हिसावाला मान वर करून बघायला लागला, इतक्या जोरात मी कळफलक बडवत होते.

तेवढ्यात दादाचा फोन आला. "आई तुझ्याकडे आहे का? चार वाजता मुलं शाळेतून येतील, आणि घराला कुलूप आहे म्हणून शेजारच्यांनी कळवलं."

आईनं हात पुढे केला. "दे माझ्याकडे." आणि माझा फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून ती बोलली. "मी बुकिंगच्या सहीला आले आहे. हो, सही माझीच लागते, तूच तसं करायला सांगितलंस ना. मुलं तुमच्या खोलीत झोपतील. नाही रे, रागावले नाही. किल्ली आहे ना तुझ्याकडे? मग चारला तू जा घरी." फोन बंद कसा करायचा ते तिला माहीत नव्हतं. दादा आत बोलत असतानाच तिनं तो माझ्या हातात दिला, आणि मी फार आनंदानं बंद केला.

"आता सही," मी म्हटलं.

आईनं चष्मा लावला. कागद वरपासून वाचायला लागली. भांडारात तीस वर्षं न वाचता तिनं कुठल्याच कागदावर सही केलेली नाही. तिचं बोट सातव्या मजल्याच्या ओळीवर थांबलं.

"इथं दोन नावं आहेत. दुसरं कुणाचं?"

"माझं गं! तेच तर सांगणार होते. रजा मिळाली. भांडून मिळवली. आपण दोघी, सात दिवस, बाल्कनीत बसून..."

"ते काढ."

मला नीट कळलं नाही असं वाटलं. "काय?"

"तुझं नाव काढ. मला एकटीला राहायचंय."

माझा चेहरा कसा झाला असेल देव जाणे. व्हिसावाल्यानं मान खाली घातली. मला ओरडता येत नव्हतं, समोर गिऱ्हाइकं बसली होती, म्हणून मी दातांवर दात ठेवून बोलले. "तुझ्यासाठी मी दादाशी वैर घेतलं. साहेबांपुढे राजीनामा ठेवला. बारा वर्षं इथं बसून लोकांना जहाजं विकतेय, मला एकदा, एकदा तुझ्याबरोबर... आणि तू मलाच बाहेर काढतेस? त्या दोघांच्या आणि माझ्यात काही फरकच नाही का?"

"आहे," आई म्हणाली. "तू माझ्यासाठी भांडलीस, ते दिसलं मला. पण मला काय हवंय ते विचारलंस कुठं? त्यांनी मला मुलांबरोबर टाकलं. तू तुझ्याबरोबर."

मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

आई हळू आवाजात बोलत राहिली, पावती मागावी तशी. "माहेरी आम्ही पाच बहिणी एका खोलीत. मग सासरी सगळ्यांच्या पायथ्याशी. मग तुम्ही दोघं. मग तुझे बाबा सहा वर्षं अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांच्या कॉटशेजारी खाली. मग तुझी मुलगी, मग त्याची. हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर एकेकट्या खोल्या होत्या. मी चादरी द्यायला जायची. एक पलंग, एक खिडकी, एक माणूस. आजारी असायचं बिचारं. पण कधी कधी वाटायचं, आपल्यालाही काहीतरी व्हावं. चार दिवस."

हे ती माझ्याकडे न बघता बोलली, म्हणून बरं.

मला रडायचं नव्हतं, म्हणून मी नियम सांगितला. "एकटं माणूस असलं तरी कंपनी दोघांचं भाडं घेते." हा नियम मी रोज एकट्यादुकट्या गिऱ्हाइकांना सांगते आणि रोज मला त्याची लाज वाटते. त्या दिवशी मात्र मी तो तिला बोचावा म्हणूनच सांगितला. हे लिहितानाही माझे कान तापतात.

"आपण दिलेल्या पैशात नाही बसणार ते," मी पुढे म्हणाले.

"वरचे मी भरते. पेन्शन आहे माझी." आईनं पिशवीतून पासबुक काढलं. "आजवर दोघांचं काम एकटीनं केलंच की. आता भाडं भरायला काय झालं?"

मी माझं नाव काढलं. बारा वर्षांत शेकडो माणसांची नावं काढली आणि घातली असतील. हे नाव काढायला तीन कळा दाबाव्या लागल्या, आणि प्रत्येक कळ दाबताना मला आईचा, दादाचा, त्या कंपनीचा आणि सगळ्यात जास्त माझा राग येत होता. नवा कागद छापून मी तिच्यापुढे सरकवला. आणि सवयीनं, जसं प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते तसं विचारलं, "काही शंका?"

"एक आहे," आई म्हणाली. पेन हातात तसंच होतं. "त्या खोलीला आतून कडी असते का? मागे विचारलं होतं. तू सांगितलंच नाहीस."

माझ्या तक्त्यात सगळं होतं. मजले, जेवणाच्या वेळा, डॉक्टर, लिफ्ट, कुठल्या बाजूला ऊन येतं तेही. कडी नव्हती. ती विचारत होती तेव्हा मी चोरांचा विनोद केला होता, आणि वर धीर म्हणून स्वतःलाच देऊ केलं होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "विचारते."

मी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं मला थांबायला सांगितलं आणि कानात वाजंत्री सुरू झाली. सहा-सात मिनिटं मी ती ऐकत होते. आई हातात पेन धरून बसून होती, आणि आता खुर्चीत पूर्ण मागे टेकली होती. शेवटी ती मुलगी परत आली.

"असते," मी आईला सांगितलं. "आतून कडी असते. बाहेर एक पाटीही लावता येते, कुणी येऊ नये म्हणून."

"मग ठीक आहे," असं म्हणून आईनं सही केली. पूर्ण नाव, सावकाश, एकेक अक्षर. मग पाण्याचा एक घोट घेतला, पिशवी खांद्याला लावली, आणि माझ्या गालाला हात लावून साडेतीनच्या बससाठी निघून गेली.

मी तक्ता उघडला. दादाची ती ओळ खोडून टाकली. तिच्या जागी लिहिलं, "आतून कडी", आणि जुन्या जहाजापुढे, "आहे." साहेबांना जाऊन सांगितलं की रजा नको. "एकदा काय ते ठरवा," ते म्हणाले.

परत आले तेव्हा एक बाई माझ्यासमोर येऊन बसल्या होत्या. त्यांनी जेवणाचं विचारलं. मग तलावाचं. मग दोन्ही पत्रकं शेजारी ठेवून म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही स्वतः यातल्या कुठल्या जहाजानं गेलात?"

"कुठल्याच नाही," मी म्हटलं. "माझी आई जाते आहे. एकटी." आणि ते इतक्या रागानं म्हटलं की त्या बाईंनी पुढे काहीच विचारलं नाही.